पायाचं अस्तर

कृत्रिम पायाचा इतिहास लिहिणारे बहुतेक लोक विश्पलेपासून सुरुवात करतात, तेव्हा मीही तिथूनच करते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात अश्विनीकुमारांनी कुणाकुणाला कसं वाचवलं याची एक मोठी जंत्री आहे. त्यात खेल राजाच्या लढाईत विश्पलेचा पाय तुटला आणि त्या दोघा देववैद्यांनी तिला लगोलग धातूचा पाय बसवून दिला, असा उल्लेख येतो. काही अभ्यासक म्हणतात, विश्पला ही बाई नव्हतीच, ती शर्यतीची घोडी होती. असेल बापडी. बी. ए.ला संस्कृत होतं तेव्हा हे वाचलं आणि वर्गातल्या सगळ्यांना त्या काळातल्या वैद्यकाचं कौतुक वाटलं. मला मात्र एकच प्रश्न पडला होता, तो अजून सुटलेला नाही. धातूचा पाय त्या कापलेल्या जागेला टोचला नाही का? आत काय घातलं होतं? कापूस, लोकर, मऊ कातडं? सूक्तात त्याबद्दल अक्षर नाही.

प्रश्न बायकी वाटेल, पण कृत्रिम पायाचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो. ब्लाउज कितीही भारी कापडाचा असो, अस्तर नीट नसलं तर अंगाला काचतो. पायाचंही तसंच. गुडघ्याखाली पाय कापल्यावर जो भाग उरतो त्याला आमच्याकडे सरळ खुंट म्हणतात. शब्द ऐकायला कठोर आहे, पण ज्यांना तो आहे तेच वापरतात, म्हणून मीही वापरते. हा खुंट ज्या कठीण पेल्यात बसतो त्याला सॉकेट म्हणायचं, आणि खुंट व सॉकेट यांच्यामध्ये जे अस्तर असतं ते लायनर. तळपायाची कातडी जाड असते, तिच्याखाली चरबीची गादी असते. निसर्गानं ती भार सोसण्यासाठीच घडवलेली. पोटरीच्या कातडीला असलं काही शिकवलेलं नाही. नडगीचं हाड तर कातडीच्या अगदी खालीच असतं, टेबलाला आपटलं की ब्रह्मांड आठवतं. अशा कातडीला अचानक सांगायचं, की आजपासून सगळ्या देहाचं ओझं तू घे, दिवसातून हजारो वेळा घे, शिवाय घामात आणि अंधारात घे. ती किती दिवस ऐकणार?

फार जुना असा खरोखरचा वापरलेला कृत्रिम अवयव इजिप्तमध्ये सापडला आहे, आणि तो एका बाईचा आहे. लक्झरजवळच्या जुन्या थडग्यांत मिळालेल्या एका ममीच्या उजव्या पायाला लाकडाचा अंगठा होता, चामड्यानं आणि दोऱ्यांनी बांधलेला. सुमारे पावणेतीन ते तीन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. आधी वाटायचं, मेलेल्या माणसाला परलोकी अख्ख्या देहानं पाठवावं म्हणून तो लावला असेल. पण त्याच्यावर झिजल्याच्या खुणा आहेत. मँचेस्टरच्या संशोधक जॅकलिन फिंच यांनी त्याची प्रतिकृती केली, उजवा अंगठा नसलेल्या स्वयंसेवकांना घालायला दिली आणि चालवून पाहिलं. चालता आलं. पुढे २०१७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तो मूळ अंगठा बारकाईनं तपासला, तेव्हा कळलं की तो त्या बाईच्या पायाला पुन्हा पुन्हा जुळवून घेतलेला होता. ती पुरोहिताची मुलगी होती. म्हणजे तिनं तो घातला, टोचला, काढला, कारागिराकडे नेला, “इथं जरा तास, इथं सैल कर” असं सांगितलं, परत घातला. विश्पलेच्या सूक्तात जे नाही ते या लाकडाच्या तुकड्यावर लिहिलेलं आहे. मला या बाईबद्दल फार आपुलकी वाटते.

त्यानंतरची दोन हजारांहून जास्त वर्षं घाईनं ओलांडली तरी चालेल. इटलीत कापुआ इथं इसवीसनापूर्वी ३०० च्या सुमाराचा लाकूड आणि काशाचा पाय सापडला होता. तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये ठेवला होता आणि १९४१ साली बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रुआझ पॅरे या शल्यविशारदानं गुडघ्यात वाकणारा, कळ दाबून अडकवता येणारा पाय आखला. तो श्रीमंत सरदारांसाठी होता. त्याच पॅरेच्या पुस्तकात गरिबांच्या लाकडी पायाचंही चित्र आहे, आणि मला ते जास्त बोलकं वाटतं. गुडघ्याखाली पाय गेलेला माणूस त्या काळी गुडघा मागं दुमडायचा, लाकडी खुंटीच्या वरच्या बैठकीवर तो टेकवायचा आणि तसाच चालायचा. कापलेला भाग मागं मोकळा लोंबकळत असे. त्याच्यावर भार टाकायची कुणाची हिंमतच नव्हती. आपल्यालाही गुडघे टेकून फरशी पुसायची सवय असते, म्हणून गुडघ्याची कातडी किती सोसते हे बायकांना वेगळं सांगायला नको. अस्तराचा प्रश्न लोकांनी अशा रीतीनं सोडवला, म्हणजे टाळला.

१८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे दिली गेली आणि सर्जनच्या हाताला सवड मिळाली. आधी माणूस धरून ठेवायचा आणि मिनिटा-दोन मिनिटांत कापून मोकळं व्हायचं. हाडाच्या टोकावर मांसाची गादी शिवून बसवायला वेळ कुठला? आता ती बसवता येऊ लागली. पंधरा वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. त्यात साठ हजारांच्या आसपास हातपाय कापावे लागले, असा अंदाज सांगतात. १८६१ च्या जूनमध्ये, युद्धाच्या अगदी सुरुवातीच्या लढाईत, जेम्स हँगर नावाच्या अठरा वर्षांच्या पोराच्या पायावर तोफगोळा आला. सैन्यानं दिलेला लाकडी पाय त्याला पटेना. घरी येऊन तो खोलीत कोंडून घेऊन बसला. घरच्यांना वाटलं पोरगं खचलं. तो आत पिंपाच्या लाकडी पट्ट्या तासत होता. काही महिन्यांत आपण घडवलेल्या पायावर जिना उतरून तो खाली आला, आणि पुढं त्याचाच त्यानं धंदा उभारला. त्याच युद्धाच्या काळात, १८६३ साली, डुबोई पार्मली या अमेरिकन माणसानं पट्टे न लावता हवेच्या दाबानंच पाय खुंटाला धरून राहील अशा सॉकेटचं पेटंट घेतलं. कल्पना उत्तम होती, पण हवा अडवून धरील आणि तरी कातडीला मऊ लागेल असं काही त्याच्या हाताशी नव्हतं. पाऊणशे वर्षं ती कल्पना बहुतेक पडूनच राहिली.

हँगरच्या गोष्टीतली एक बाब पुढं वारंवार दिसते. पाय सुधारणारा माणूस बऱ्याचदा स्वतः पाय गमावलेला असतो. विल्यम आर्बोगास्ट यांचे दोन्ही पाय रेल्वेच्या अपघातात गेले; त्यांनी १९०७ मध्ये ओहायो राज्यात विलोच्या लाकडाचे पाय करायचा कारखाना काढला. विलो म्हणजे ज्याच्या क्रिकेटच्या बॅटी होतात ते लाकूड, हलकं आणि चिवट. इंग्लंडमध्ये मार्सेल देसूटर हा वैमानिक १९१३ मध्ये विमान पडून एका पायाला मुकला, तेव्हा त्याच्या भावानं त्याला विमानाच्याच धातूचा हलका पाय करून दिला. पहिल्या महायुद्धानंतर हजारो तरुण असे पाय लावून घरी आले. पाय हलके झाले, सांधे वाकू लागले. पण खुंटावर लोकरीचा मोजा, मांडीला चामड्याचा नाडीवाला पट्टा आणि आत चामड्याचं अस्तर, एवढी व्यवस्था मात्र तशीच राहिली. चामडं घाम पितं, वाळलं की कडक होतं, वास मारतं. पण ते हळूहळू माणसाच्या आकाराला येतं, हा त्याचा गुण. नव्या वहाणा सुरुवातीला चावतात आणि महिन्यानं पायात बसतात, तसं.

चामड्याच्या या अस्तराशी आमच्या घराची गाठ पडली ती आबांमुळे. आबा म्हणजे माझे चुलत सासरे. निपाणीकडे तंबाखू आणि ऊस. १९७९ साली उसाच्या ट्रॉलीखाली त्यांचा डावा पाय गेला, गुडघ्याखाली. वय बत्तीस. शहरातून करून आणलेला पहिला पाय लाकडाचा आणि चामड्याचा होता, मांडीपर्यंत नाडीनं आवळायचा. आम्ही दिगंबर जैन. बस्तीत चामडं नेत नाहीत. कमरेचा पट्टा, पाकीट, घड्याळाचा पट्टा, सगळं बाहेर. मी लग्न होऊन आले तेव्हा रोज सकाळी हे दृश्य बघायची. आबा बस्तीच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसायचे, नाडी सोडायचे, पाय काढून भिंतीला उभा करून ठेवायचे आणि काखेत कुबडी घेऊन एका पायावर आत जायचे. बाहेर एकटा पाय, धोतराच्या रंगाचा मोजा चढवलेला. गावातली पोरं त्याच्याकडं टक लावून बघत उभी राहायची. आबा हसून म्हणायचे, “माणूस आत आणि पाय भाईर. आसलं दर्शन माझंच की गं.” कुणी पंडितजी त्यांना म्हणाले होते की शरीराच्या गरजेसाठी आहे, घालून या, दोष नाही. आबांनी ऐकलं नाही. हट्टीपणा म्हणा. पण पाय काढून आत जाणाऱ्या माणसाला देवापुढं वाकून पंचांग नमस्कार करता येत नाही, आणि त्यांना तेवढंच खुपत होतं, हे आक्का, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, सांगायच्या.

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडचेही जवान पाय गमावून परतले. त्यांच्यासाठी १९४४ मध्ये पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर सुरू झालं. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं गाव. सुरुंगावर पाय पडलेल्या जवानाची रवानगी पुण्याला होते, हे आमच्या भागात घरोघरी ठाऊक आहे. तिकडे अमेरिकेत लढाईहून परतलेल्या सैनिकांनी आपल्या पायांबद्दल इतक्या तक्रारी केल्या की १९४५ मध्ये सरकारला त्यासाठी संशोधनाची मोठी योजनाच आखावी लागली. विमानं आणि बॉम्ब इतके पुढं गेले आणि पाय आजोबांच्याच काळातले, हे त्यांना पटेना, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्या योजनेतून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस नव्या तऱ्हेचं सॉकेट तयार झालं. शरीराचा भार सगळ्या खुंटावर सारखा टाकायचा नाही. गुडघ्याच्या वाटीखाली जो बळकट स्नायुबंध असतो त्याच्यावर जास्त टाकायचा, नडगीच्या धारेवर आणि बाहेरच्या बारीक हाडाच्या डोक्यावर अजिबात नको. खुंटाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, तो जिथं भार हवा तिथं खरवडायचा, जिथं नको तिथं भर घालायची आणि त्यावरून सॉकेट ओतायचं. शिंपी अंगाची मापं घेतो आणि मग खांद्याला, काखेत अंदाजानं कमी-जास्त करतो, तशीच ही विद्या. या सॉकेटच्या आत चामड्याला स्पंजासारख्या रबराची जोड दिलेलं अस्तर असे. पुढं त्याची जागा पेलाइट नावाच्या हलक्या फोमनं घेतली. तापवलं की मऊ होतं, साच्यावर चढवलं की त्याचा आकार घेतं, चामडं अजिबात नाही. जगभरात आजही हे पेलाइट वापरतात, कारण स्वस्त आहे, हलकं आहे आणि गावातला कारागीरही घासून-चिकटवून दुरुस्त करू शकतो. दोष इतकाच की रोजच्या भारानं ते चेपत जातं. सतरंजीखालचा फोम बसतो तसं.

आता जयपूरची गोष्ट. १९६८ च्या सुमाराला तिथल्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा हे कारागीर, या जोडीनं रबराचा पाऊल घडवला. परदेशी पाऊल बुटात घालायचं होतं, आणि आपला शेतकरी चिखलात अनवाणी उतरतो, जमिनीवर मांडी घालतो, उकिडवा बसतो, देवळात पादत्राण काढतो. शर्मांना सगळे मास्टरजी म्हणत. टायरला रबर चढवणाऱ्या दुकानात त्यांना युक्ती सुचली, असं सांगतात. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना हा पाय परवडला नसता त्यांच्यापर्यंत तो नेला तो देवेंद्र राज मेहता यांनी. १९६९ मध्ये मोटार अपघातात त्यांचाच पाय जायची वेळ आली होती, तो वाचला. भगवान महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली त्या वर्षात, १९७५ मध्ये, त्यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि पाय फुकट द्यायला सुरुवात केली. त्या वर्षी आमच्या समाजात मिरवणुका, स्तंभ, ग्रंथ असं पुष्कळ काही झालं. त्यातलं काय टिकलं असं मला कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगेन.

पण अस्तराचं बघायला बसले आहे तर जयपूर पायाबद्दलही तेच बघायला हवं. तिथं सगळी प्रतिभा पावलावर खर्च झाली. वरचा भाग आधी अॅल्युमिनियमचा होता, मग शेतात पाण्यासाठी घालतात तसल्या जाड पॉलिथिनच्या नळीचा झाला. नळी भट्टीत तापवायची, साच्यावर ओढायची, थंड झाली की सॉकेट तयार. त्यामुळे पाय एका दिवसात होतो, माणूस सकाळी कुबडीवर येतो आणि संध्याकाळी चालत जातो. हे मोठंच काम. आत मात्र बहुतेकांच्या नशिबी सुती मोजाच. नर्तकी सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर गेला. जयपूर पाय लावून त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनीच काम केलं. आम्ही सगळ्या मैत्रिणींनी ‘नाचे मयूरी’ बघितला आणि रडलो. लोकांना त्यांचा नाच आठवतो. मला कायम वाटतं, पायाची थाप पडायची तेव्हा आत त्या कातडीचं काय होत असेल?

आबांना प्लास्टिकचा पाय मिळाला तो १९९३ मध्ये, एका शिबिरात. चामड्याचा तुकडाही नसलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायासकट बस्तीत गेले, गाभाऱ्यासमोर हळूहळू खाली बसले, पुढं वाकले. आक्कांनी घरी येऊन शिरा केला. मोजे त्या स्वतः शिवायच्या, जुन्या मऊ लुगड्यांचे, आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायच्या. शिवण आत आली तर संध्याकाळपर्यंत तिची रेघ कातडीवर उमटायची. हे कुठल्याही डॉक्टरनं त्यांना सांगितलं नव्हतं.

२००६ मध्ये श्रवणबेळगोळला बाहुबलींचा महामस्तकाभिषेक होता. विंध्यगिरीच्या सहाशेहून जास्त पायऱ्या, खडकात कोरलेल्या, आणि अनवाणीच चढायच्या. डोली मिळते, पण आबांनी ती घेतली नाही. चढताना काही झालं नाही. जे झालं ते उतरताना. दिवसभरात खुंट बारीक होतो. चालण्यानं त्यातलं पाणी दाबलं जाऊन वर सरकतं, आणि सकाळी घट्ट बसलेलं सॉकेट दुपारी सैल होतं. मग प्रत्येक पावलाला खुंट आत खाली जातो आणि पाय उचलला की वर येतो, मुसळ उखळात जावं तसा. उतारावर तर सगळा भार नडगीच्या टोकाकडे. यावर जुना उपाय म्हणजे मोज्यांवर मोजे चढवत जाणं. जगभर त्यासाठी एकपदरी, तीनपदरी, पाचपदरी असे मोजे मिळतात आणि जाणकार माणूस खिशात दोन जास्तीचे ठेवतो. आबांनी दोन चढवले होते, तिसरा नव्हता. खाली आल्यावर पाय काढला तर मोजा रक्तानं चिकटलेला. पुढचे दोन महिने पुन्हा कुबडी, आणि बस्तीत जाणं बंद.

नेमका हाच प्रश्न आइसलँडमध्ये वीस वर्षं आधी एकानं सोडवायला घेतला होता. ओसूर क्रिस्टिन्सन हे रेक्याविकमधले कृत्रिम अवयव करणारे कारागीर, आणि स्वतःही कृत्रिम पाय वापरणारे. १९७१ मध्ये त्यांनी आपला कारखाना काढला. त्यांचा विचार असा होता की कातडी घासली जाते, कारण सरकायची क्रिया कातडीजवळ होते. मग कातडीला असं काही घट्ट चिकटवून टाकावं की ती दुसरी कातडीच होईल, आणि जे काय थोडंफार सरकायचं ते त्याच्या बाहेर सरकेल. त्यासाठी त्यांनी सिलिकॉन निवडलं. १९८६ मध्ये त्यांचा सिलिकॉनचा लायनर आला. त्याचं नाव आइसरॉस; आइसलँड आणि ‘गुंडाळत चढवायचं सिलिकॉन सॉकेट’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून केलेलं.

चढवायची पद्धत बघण्यासारखी आहे. लायनर पूर्ण उलटा करायचा, त्याचा तळ खुंटाच्या टोकाला नीट टेकवायचा, मध्ये हवा राहू द्यायची नाही, आणि हळूहळू वर उलगडत न्यायचा. हवेचा बुडबुडा राहिला तर तिथं कातडी ओढली जाऊन फोड येतो. लायनरच्या तळाला एक दातेरी खिळा असतो. उभं राहून भार दिला की तो सॉकेटच्या कुलपात कट्‌कट्‌ करत बसतो. पट्टे नाहीत, नाड्या नाहीत. पार्मलीला १८६३ मध्ये जे हवं होतं ते आता जमलं. पुढं लायनरच्या बाहेर रबरी वेढे देऊन हवाबंद बसणारे लायनर निघाले, त्यात तो खिळाही लागत नाही. खिळ्याची एक खोड आहे. पाय उचलला की सगळं वजन तळाशी लोंबतं आणि खुंटाचं टोक ओढलं जातं. काहींना ते चालतं, काहींना सोसत नाही.

मग इतर कारखानेही या वाटेनं आले. आर्बोगास्ट यांच्या ओहायोतल्या त्याच जुन्या लाकडी पायांच्या कारखान्यानं १९९० च्या दशकात जेलीसारख्या मऊ, बाहेरून कापड लावलेल्या लायनरला सुरुवात केली. हाडं वर आलेल्या, जखमांचे व्रण असलेल्या खुंटांना ही जेली जास्त मानवते, पण लवकर झिजते. पॉलियुरेथेनचे लायनर भार चहूकडे पसरवण्यात पुढं आहेत, पण जड. सिलिकॉन टिकाऊ. यात सर्वांत चांगला कुठला असं विचारणं म्हणजे साडी कुठली चांगली असं विचारण्यासारखं आहे. कुणासाठी, कुठल्या कामासाठी, कुठल्या हवेत?

हवेचा मुद्दा आपल्यासाठी फार मोठा. हे लायनर थंड देशात जन्मले. सिलिकॉन असो की जेली, ती उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. थोडं चाललं की आतली कातडी डिग्री-दोन डिग्री तापते, आणि बसून विश्रांती घेतली तरी लवकर निवत नाही. घामाला वाट नाही. घाम साचला की तोच चिकटलेला लायनर निसटायला लागतो. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच जातं. यावर अलीकडे दोन-तीन दिशांनी काम झालं आहे. इंग्लंडच्या ब्लॅचफर्ड कंपनीनं लायनरला लेझरनं बारीक भोकं पाडली, चालताना घाम त्यातून बाहेर ढकलला जातो. अमेरिकेत ओहायोवाल्यांनी अंतराळवीरांच्या पोशाखासाठी शोधलेला, उष्णता शोषून घेऊन ठेवणारा पदार्थ लायनरमध्ये मिसळला. आणि स्वीडनमध्ये १९९० पासून सॉकेट, लायनर सगळंच बाजूला ठेवून हाडात टायटॅनियमचा दांडा बसवायचा आणि त्याला पाय जोडायचा, असं सुरू झालं. पण दांडा कातडीतून बाहेर येतो ती जागा कायमची उघडी राहते, जंतूंची भीती राहते. सर्वांना ते जमण्यासारखं नाही.

आपल्याकडे आता अपघातापेक्षा मधुमेहानं पाय जाणारे खूप दिसतात. त्यांच्या बाबतीत अस्तर ही चैन नाही. कारण त्यांच्या कातडीला दुखणंच नीट कळत नाही. फोड आला, फुटला, चिघळला तरी पत्ता नसतो, आणि मग गुडघ्याखालचं ऑपरेशन गुडघ्यावर जातं. रोज रात्री पाय काढल्यावर हातात आरसा धरून खुंटाचा मागचा भाग बघावा, एवढं तरी घरच्यांनी करावं. हे काम बहुतेक घरांत बायकोकडेच येतं, म्हणून इथं लिहिते.

आबांसाठी लायनर २००९ मध्ये आणला, नातवानं पहिल्या पगारातून. वीस हजारांहून जास्त पडले. सॉकेटही नवं करावं लागलं, कारण लायनरची जाडी जुन्यात मावेना. आबांना किंमत कळली तेव्हा ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. “एवढ्यात एक म्हैस आली असती की रे,” हे त्यांचं पहिलं वाक्य. तिसऱ्या दिवशी ते बस्तीतून चालत बाजारात गेले आणि तिथून आमच्याकडे, वाटेत कुठं न बसता. आता दुपारी बाराला आणि चारला ते पाय काढतात, लायनर उलटा करून घाम पुसतात, पुन्हा चढवतात. उन्हाळ्यात जास्त वेळा. रात्री साध्या साबणानं धुवून स्टँडवर सावलीत वाळवायचा. वर्ष-सव्वा वर्षात तो फाटायला लागतो, आणि मग पुन्हा तेवढेच पैसे. सरकारी योजनेत पाय मिळतो, शिबिरात पाय मिळतो, दरवर्षी बदलायचं अस्तर मात्र सहसा ज्याचं त्यानं बघायचं. पाय देणाऱ्याचा फोटो निघतो, मोजा देणाऱ्याचा कोण काढणार? हे बदलायला हवं असं मला वाटतं, आणि ते फार अवघड आहे असं वाटत नाही.

गेल्या वेळी माप द्यायला मी त्यांच्याबरोबर होते. खुंटाच्या टोकापासून चार सेंटिमीटर वर खूण करतात आणि तिथला घेर टेपनं मोजतात. त्यावरून नंबर ठरतो. आबा आता अठ्ठ्याहत्तरचे. घेर कमी भरला, एक नंबर लहान बसला. तिथल्या मुलीनं विचारलं, “आजोबा, घट्ट होतोय का?” आबांनी दोन-तीन फेऱ्या मारल्या, पाय आपटून बघितला आणि म्हणाले, “बसतोय. शिवण नाही न्हवं आत?” जुना लायनर आक्कांनी टाकू दिला नाही. त्याचा एक गोल तुकडा कापून त्यांनी मिक्सरखाली ठेवलाय. मिक्सर आता ओट्यावर सरकत नाही.